श्वासाचे यंत्र आणि घरच्यांचा निर्णय



या पानावर आपण सहसा सोयाबीनवरची अळी, गव्हाचे पाणी, जनावरांचे खुरकूत आणि लेकरांच्या लसी यांविषयी लिहितो. आजचा विषय दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरचा आहे, काचेच्या दारामागचा. पण शेतकऱ्याच्या घरात तो शिरतो तो वावरातून आणि रस्त्यातूनच. ट्रॉली उलटते, थ्रेशरवरून पाय घसरतो, मोटारसायकलवर मागे बसलेली बाई खड्ड्याच्या हिसक्याने डोक्यावर पडते. आणि संध्याकाळपर्यंत तिच्या तोंडात नळी, नळीला यंत्र, आणि दाराबाहेर बाकावर आपण.

त्या बाकावर मी स्वतः बसलो आहे. काही वर्षांपूर्वी माझा मावसभाऊ गहू विकून इंदूरच्या मंडीतून गावी परतत होता. हेल्मेट घरी खुंटीला होते. एका दवाखान्यात त्याला श्वासाच्या यंत्रावर ठेवले. रोज संध्याकाळी पाच मिनिटे भेट, आणि भेटीनंतर एकच वाक्य: "सीरियस आहे, पण हार्ट चालू आहे." हार्ट चालू आहे म्हणजे आशा आहे, असे आम्ही धरून चाललो. काकांनी विहिरीजवळची दोन एकर जमीन गहाण टाकली. आठव्या दिवशी एका नर्सबाईंनी मावशीला बाजूला घेऊन सांगितले की तीन दिवसांपासून डोळ्यांवर उजेड टाकला तरी बाहुली हलत नाही, नळीतून कफ ओढताना खोकलाही येत नाही. नवव्या दिवशी दाखला मिळाला. कागदावर नववा दिवस आहे. तो खरोखर गेला कधी, हे आम्हाला आजही ठाऊक नाही. जमिनीचे दुःख काकांना पुढे कमी झाले, या गोष्टीचे झाले नाही.

तेव्हापासून बाहेरगावचे कोणी रुग्ण घेऊन इंदुरात आले की आपली माणसे मला बोलावतात. मी डॉक्टर नाही. पण बाकावर बसून, डॉक्टरांना विचारून आणि वाचून जे समजले ते लिहितो, आणि त्यात माझे मतही आहे.

आधी हे यंत्र करते काय ते पाहू. मेंदू हाडांच्या बंद पेटीत असतो. मार लागला की तो सुजतो, आणि सुजायला पेटीत जागा नसते. पहिला घाव पडतो त्याच क्षणी, त्याला कोणी काही करू शकत नाही. दुसरा घाव पुढच्या तासांत व दिवसांत पडतो: प्राणवायू कमी पडला, रक्तदाब उतरला, किंवा रक्तात कार्बन डायऑक्साइड साचला, तर जो भाग वाचला होता तोही जातो. साचलेल्या पाण्यात काळ्या मातीतले रोप वरून हिरवे दिसते आणि खाली मूळ गुदमरते, तसेच हे. कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूच्या रक्तवाहिन्या फुगतात आणि सूज अधिक दाबते. तो फार उतरला तर त्याच वाहिन्या आकसून रक्त कमी पोचते. म्हणून यंत्राने तो वायू एका अरुंद पट्ट्यात धरून ठेवायचा असतो. डॉक्टर बेशुद्धीला ३ ते १५ असे गुण देतात; गुण ८ किंवा त्याखाली आले की रुग्णाला आपला घसा सांभाळता येत नाही, जीभ मागे पडते, ओकारी फुफ्फुसात जाते. तेव्हा नळी घालावीच लागते. खाटेचे डोके तीस अंश वर का ठेवतात, झोपेचे औषध का चालू ठेवतात, हेही यातूनच कळेल. रुग्ण हलत नाही यावरून तो मेला असे समजू नका. पुष्कळदा त्याला मुद्दाम झोपवलेले असते.

या यंत्राची जन्मकथा मला फार आवडते. १९५२ साली डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडून मुले गुदमरून मरत होती. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने गळ्याला छेद देऊन नळी बसवली आणि लोहाराच्या भात्यासारखी रबरी पिशवी हाताने दाबून हवा आत लोटली. पुरेशी यंत्रे नव्हती. म्हणून वैद्यकीय महाविद्यालयाच्या सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे त्या पिशव्या दाबल्या. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. आजचा अतिदक्षता विभाग तिथून निघाला. आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांत यंत्रे कमी पडली तेव्हा आईबापांनी, भावांनी रात्रभर अशीच पिशवी दाबलेली आहे. ज्यांनी दाबली त्यांना तिचा अर्थ सांगायला नको.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आपण सगळे एकच वाक्य बोलतो, "मशीनवर आहे." पण त्या वाक्यात तीन अगदी वेगळ्या अवस्था असतात, आणि घरच्यांची सारी फसगत त्यांची सरमिसळ झाल्याने होते.

पहिली अवस्था उपचाराची. रुग्ण जिवंत आहे, मेंदूला सूज आहे, यंत्र वेळ मिळवून देत आहे. इथे धीर धरणे हेच काम. करोनाच्या काळापासून आपल्या गावांत "व्हेंटिलेटरवर गेला म्हणजे संपला" अशी समजूत पसरली आणि काही लोक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सही करून रुग्णाला घरी नेऊ लागले. हे चूक आहे, आणि शेतकऱ्यांच्या बाबतीत तर दुप्पट चूक. मण्यार चावलेला माणूस पाहा. ती रात्री जमिनीवर निजलेल्याला चावते, दंशाची खूण दिसत नाही, सूज नाही. सकाळी पापण्या पडलेल्या, मग हातपाय, मग श्वास बंद. बाहुल्या रुंदावतात, उजेडाला हलत नाहीत. पाहणाऱ्याला तो मेलेला वाटतो. पण विषाने फक्त नसा आणि स्नायू यांच्यातला सांधा बंद केलेला असतो. आत मेंदू शाबूत असतो, कधी कधी त्याला सगळे ऐकूही येत असते. सर्पविषाची लस आणि काही दिवस यंत्राचा श्वास मिळाला तर असा माणूस चालत घरी येतो. फवारणीच्या औषधाची विषबाधाही तशीच. ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या औषधांनी श्वास थांबतो, पण यंत्र आणि उतारा वेळेवर मिळाले तर कित्येक रुग्ण वाचतात. म्हणून दवाखान्यात पोचताच साप, फवारणी, दारू, झोपेच्या गोळ्या, जे काही असेल ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. पोलिसांच्या किंवा अब्रूच्या भीतीने लपवाल तर त्या माणसाचा जीव जाईल. औषधाची बाटलीच सोबत न्या.

डोक्याला मार लागलेल्याला जास्त दिवस लागतात. आठवडा-दोन आठवड्यांत तोंडातली नळी काढून गळ्याला छेद देऊन नळी बसवू म्हणतात, तेव्हा बायामाणसे रडू लागतात. गळा कापणार हे शब्दच वाईट. पण त्याने तोंडाला जखमा होत नाहीत, कफ काढणे सोपे होते, झोपेचे औषध कमी करता येते, आणि शुद्ध आल्यावर ते छिद्र बुजते. यंत्र सोडवतानाही अशा रुग्णाची अडचण फुफ्फुसात नसते. फुफ्फुस धड असते. पण खोकून कफ बाहेर टाकण्याएवढी जाग आलेली नसते. त्यामुळे "श्वास तर घेतोय, मग नळी का काढत नाही?" या प्रश्नाचे उत्तर बहुधा खोकल्यात असते.

दुसरी अवस्था मृत्यूची. हिचे नाव मेंदूमृत्यू, अधिक नेमके म्हणजे मेंदूच्या खोडाचा मृत्यू. श्वासाची आज्ञा मेंदूच्या खोडातून येते. ते कायमचे मेले की स्वतःचा श्वास कधीच परत येत नाही. हृदयाला मात्र स्वतःची चाल असते. यंत्राने प्राणवायू पुरवला तर ते काही तास, काही दिवस धडधडत राहते. छाती वरखाली होते, अंग ऊबदार असते. आई हात धरून म्हणते, "गरम आहे हो." तिला खोटे कोण म्हणेल? तरीही तो माणूस गेलेला असतो.

हे ठरवण्याची रीत आपल्या देशात १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने घालून दिली आहे. चार डॉक्टरांनी पाहायचे, आणि अवयव बसवणाऱ्यांपैकी कोणी त्यांत नसावा. विष, झोपेचे औषध, अंग फार थंड पडणे ही कारणे नाहीत अशी आधी खात्री करायची. मण्यारीची गोष्ट मी वर का सांगितली ते आता ध्यानात येईल. मग उजेडाने बाहुली हलते का, बुबुळाला स्पर्श केल्यावर पापणी मिटते का, कानात थंड पाणी सोडल्यावर डोळे फिरतात का, घशाला नळी लागल्यावर खोकला येतो का, हे पाहायचे. शेवटी प्राणवायू चालू ठेवून यंत्र काही मिनिटे बाजूला करायचे आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढूनही छाती एकदासुद्धा हलते का ते बघायचे. ही सारी तपासणी निदान सहा तासांच्या अंतराने दोनदा. दोन्ही वेळा काहीच नसेल तर तो मृत्यू.

इथे माझी तक्रार आहे. कायदा अवयवदानासाठी झाला, म्हणून अवयव द्यायचे असतील तेव्हा ही तपासणी तातडीने आणि नीट होते. घरच्यांनी दानाला नकार दिला, किंवा विषयच निघाला नाही, तर पुष्कळ ठिकाणी डॉक्टर यंत्र काढायला कचरतात आणि हृदय आपोआप थांबेपर्यंत बिल चालू राहते. मेलेला माणूस दान देणार असला तरच मेलेला, हा कुठला न्याय? केरळ सरकारने २०२० साली दान असो वा नसो, मेंदूमृत्यू ठरवण्यासाठी नियम काढले. तसे सगळीकडे व्हायला हवे. तोवर आपण तोंड उघडून विचारले पाहिजे: "डॉक्टरसाहेब, मेंदूच्या खोडाची तपासणी केली का? नसेल तर कधी करणार?" हा प्रश्न विचारण्यात निष्ठुरपणा नाही. माझ्या काकांनी तो सहाव्या दिवशी विचारला असता तर निदान आपला मुलगा कधी गेला ते त्यांना कळले असते.

अवयवदानाविषयी दोन शब्द. इंदुरात ऑक्टोबर २०१५ मध्ये पहिल्यांदा रस्ता मोकळा करून दवाखान्यापासून विमानतळापर्यंत अवयव नेण्यात आला. त्यानंतर पन्नासहून अधिक वेळा अशा रुग्णवाहिका या शहरातून धावल्या आहेत. आपल्या काही लोकांना अजून वाटते की शरीर अपुरे पुरले तर पुनरुत्थानाच्या दिवशी काय होईल. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० साली रोममध्ये प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांसमोर बोलताना मेंदूमृत्यूची काटेकोर कसोटी ख्रिस्तसभेच्या शिकवणीच्या आड येत नाही असे सांगितले आणि दानाची थोरवी गायिली. ज्याला द्यायचे नाही त्याच्यावर सक्ती नाही. पण भीती हे कारण असेल तर ते काढून टाका.

तिसरी अवस्था सर्वांत कठीण, कारण इथे जिवंतपण संपलेले नसते आणि परत येणेही दिसत नसते. रुग्ण खोल बेशुद्धीत आहे, मेंदूचे खोड थोडेफार चालते, महिने जातात. इथे सोपे उत्तर मला ठाऊक नाही, पण आपण अगदी अंधारातही नाही. २४ नोव्हेंबर १९५७ रोजी, म्हणजे इब्सेननंतर अवघ्या पाच वर्षांनी, पोप पायस बारावे यांच्यापुढे भूलतज्ज्ञ नेमका हाच प्रश्न घेऊन गेले होते: मेंदूला मार लागून खोल बेशुद्धीत गेलेल्याला यंत्रावर ठेवलेच पाहिजे काय? आशा नसेल तर यंत्र काढता येते काय? पोप महोदयांचे उत्तर थोडक्यात असे होते. जीव सांभाळण्यासाठी साधे उपाय करणे बंधनकारक आहे. मात्र माणूस, स्थळ, काळ पाहता जे उपाय त्याच्यावर किंवा इतरांवर फार मोठा बोजा टाकतात, ते करण्याचे बंधन नाही. रुग्णाची किंवा त्याच्या वतीने घरच्यांची संमती नसेल तर डॉक्टरला स्वतंत्र अधिकार नाही. घरच्यांनी यंत्र थांबवा म्हटले तर ती हत्या ठरत नाही. आणि मृत्यूचा क्षण ठरवणे हे डॉक्टरांचे काम, ख्रिस्तसभेचे नव्हे. १९८० साली रोमहून निघालेल्या घोषणेतही हीच भूमिका कायम राहिली: मुद्दाम जीव घेणे कधीच मान्य नाही, पण निष्फळ आणि जड उपाय सोडून देणे मान्य आहे.

"इतरांवर बोजा" हे शब्द शेतकऱ्याने नीट वाचावेत. धाकट्या दोन मुलांची शाळा, घरात असलेली गाभण म्हैस, उरलेली तीन एकर जमीन, हे सर्व त्यात येते. पुष्कळ बापांना वाटते की जमीन विकली नाही तर लोक म्हणतील, याने पोराला मारले. गावच्या तोंडाला घाबरून घेतलेला निर्णय मी कितीदा पाहिला आहे! आयुष्मान कार्ड असेल तर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत आधार आहे; रस्त्यावरच्या अपघातासाठी २०२५ पासून सात दिवसांपर्यंत दीड लाखाचा रोकडविरहित उपचार केंद्राच्या योजनेत आहे. ती कागदपत्रे पहिल्याच दिवशी पुढे करा. पण हेही पाहा की गळ्याच्या नळीचा आणि पुढचा खरा निर्णय बहुधा सात दिवस संपता संपताच येतो.

अमेरिकेतली कॅरन क्विनलन ही आपल्याच पंथाची मुलगी. १९७५ साली वयाच्या एकविसाव्या वर्षी ती बेशुद्ध झाली ती कायमचीच. आईवडिलांनी आपल्या धर्मगुरूंशी बोलून यंत्र काढण्याची विनंती केली, दवाखान्याने नाही म्हटले, प्रकरण न्यायालयात गेले आणि मार्च १९७६ मध्ये परवानगी मिळाली. यंत्र काढले, आणि मुलगी स्वतः श्वास घेऊ लागली! नळीने अन्न घेत ती आणखी नऊ वर्षे जगली; जून १९८५ मध्ये न्यूमोनियाने गेली. अन्नाची नळी काढा असे आईवडील कधीच म्हणाले नाहीत. यंत्र काढणे आणि माणसाला सोडून देणे यांतला फरक त्या घराने जसा पाळला तसा पाळलेला मी क्वचितच पाहिला.

आपल्याकडे अरुणा शानबाग. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात या परिचारिकेवर हल्ला झाला. साखळीने गळा आवळल्याने मेंदूला प्राणवायू मिळाला नाही. ती श्वास स्वतःच घेत होती, यंत्र नव्हते. चार दशके त्या रुग्णालयाच्या परिचारिकांनी तिला भरवले, पुसले, कुशीवर वळवले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्यासाठी केलेला अर्ज नाकारला, कारण तिला सांभाळणाऱ्यांनाच ती हवी होती. मात्र त्याच निकालाने निष्फळ उपचार थांबवण्याची वाट या देशात प्रथम मोकळी झाली. १८ मे २०१५ रोजी ती न्यूमोनियाने वारली. पुढे ९ मार्च २०१८ च्या निकालाने प्रत्येकाला आगाऊ इच्छापत्र लिहिण्याचा हक्क मिळाला, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची रीत सोपी झाली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही. उपचार थांबवण्याआधी रुग्णालयातल्या डॉक्टरांची दोन मंडळे वेगवेगळे मत देतात.

माझे म्हणणे असे की हे बोलणे बाकावर बसून करायचे नाही. ते घरी, धडधाकट असताना, पेरणी आटोपल्यावर करायचे. आपल्या धर्मग्रामात लग्नापूर्वीची शिबिरे होतात, खताच्या सभा होतात. वर्षातून एका रविवारी मिस्सानंतर एखाद्या डॉक्टरला आणि फादरांना शेजारी शेजारी बसवून हा विषय का काढू नये? आणि कोणी यंत्रावर असेल तर रुग्णाभ्यंगासाठी फादरांना पहिल्या दिवशीच बोलवा. लोक शेवटच्या घटकेची वाट पाहतात, आणि मेंदूमृत्यू ठरल्यावर धावतात.

अपघाताच्या जागी मात्र चर्चा नको. मान हलू न देता, फळीवर आडवे ठेवून, १०८ ला फोन करा. पाणी पाजू नका. उचलून नेणाऱ्याला पोलीस त्रास देतात ही भीती जुनी झाली. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे, आणि इंग्रजी कायद्यात त्या माणसाला जे नाव दिले आहे ते लूकच्या शुभवर्तमानातल्या शोमरोनी माणसाचेच आहे.

मी माझा कागद गेल्या वर्षी केला. मेंदूचे खोड मेले असे चार डॉक्टरांनी दोनदा पाहून ठरवले तर यंत्र थांबवावे, जे अवयव चालतील ते द्यावेत. आशा असेल तोवर यंत्र चालू ठेवावे, पण त्यासाठी विहिरीकडची जमीन विकू नये. मंडळींनी वाचून विचारले, "आणि अन्नाच्या नळीचं काय लिहिलंत?" मी म्हटले, ती राहू द्या. त्यांनी कागद घडी करून जमिनीच्या पुस्तिकेत ठेवला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःसाठी तसाच एक मागितला.